मध्यंतरानंतर मागे पडणारा आवाज

वाचकाचं पत्र, थोडक्यात

भांडुपला राहणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र. वय एकतीस. सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवार-रविवार कीबोर्ड. सहा जणांचा ग्रुप आहे. अभंग, भावगीतं, मधूनच एखादं नाट्यगीत. दादर-पार्ल्याच्या सभागृहांत आणि गणपतीत मंडळांच्या मांडवात कार्यक्रम होतात. तबल्यावर एक ज्येष्ठ काका आहेत आणि गायला सव्वीस वर्षांची एक मुलगी. ती चार वर्षांपासून ग्रुपमध्ये आहे.

कीबोर्डचे सगळे आवाज लॅपटॉपमधून निघतात. लॅपटॉप पाच वर्षांचा, विंडोजचा. त्याला दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपच्या आत-बाहेर नेणारा डबा, जोडलेला आहे. एका इनपुटात पेटीचा माइक, दुसरं रिकामं. गेल्या दिवाळीत गायिकेच्या माइकसाठी यूएसबीवाला छोटा मिक्सर घेतला. तिचा आवाज मिक्सरच्या यूएसबी वायरने लॅपटॉपमध्ये जातो, तिथे त्याला थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लागतो आणि मग इंटरफेसमधून बाहेर पडून हॉलच्या साउंडला आणि मॉनिटरला, म्हणजे कलाकारांनी ऐकायच्या मंचावरच्या स्पीकरला, मिळतो. लॅपटॉपला दोन्ही यंत्रं एकदम दिसावीत म्हणून एका मित्राने एक छोटं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

ते लिहितात, "पहिली तीन-चार गाणी चोख जातात. मध्यंतर जवळ आलं की तिचा आवाज मागे राहायला लागतो. काका म्हणतात, पोरीची लय सुटतेय, दम पुरत नाही. मला पण मॉनिटरमध्ये ती मागेच वाटते. मध्येच कधी 'फट्' असा आवाज येतो आणि पुढची दोन-चार गाणी ती परत लयीत असते. बफर २५६ वरून १०२४ केला, काही फरक नाही. सॉफ्टवेअरमधला लोड ३५ टक्क्यांच्या वर जात नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला की सगळं ठीक."

गेल्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर काका तिला सगळ्यांसमोर बोलले. त्यानंतरचे दोन रविवार ती तालमीला आली नाही. वाचकाचे प्रश्न तीन. एक लाख दहा हजारांचा नवा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ का? तिला काही महिने थांबायला सांगू का? की यंत्रांचा नाद सोडून पूर्वीसारखं नुसत्या पेटी-तबल्यावर यावं?

उत्तर

नमस्कार,

लॅपटॉप घेऊ नका. तिला थांबायला सांगू नका. तिसऱ्या प्रश्नाचा निर्णय तुमच्या आवडीने करा, पण या बिघाडाला कंटाळून करू नका. एवढं आधी सांगून टाकते, कारण हप्त्याचा फॉर्म भरायला आजकाल पाच मिनिटं लागतात.

आता कारण सांगते. तुमच्या पत्रात "लॅपटॉप जुना झाला आहे" हे चार वेळा आलं आहे. "पहिली तीन-चार गाणी चोख जातात" हे एकदाच आलं आहे, आणि सगळं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

लॅपटॉपची ताकद कमी पडते तेव्हा काय होतं ते बघा. कॉम्प्युटर आवाज सलग देत नाही, वाढपी जसा पंगतीत वाढत जातो तसा ठरावीक घासांनी देतो. या घासाला बफर म्हणतात. घासातलं एकेक शीत म्हणजे सॅम्पल, आवाजाचं एक बारीकसं माप. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या वेगाने २५६ सॅम्पलचा घास म्हणजे ५.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढचा घास तयार झाला नाही तर पान रिकामं राहतं आणि आपल्याला कट्कट्, खर्रखर्र असं ऐकू येतं. अशक्त लॅपटॉप तुटक वाजतो. दर गाण्यागणिक हळूहळू मागे पडत जाणं हा सहसा त्याचा स्वभाव नाही. शिवाय तुमचा लोड ३५ टक्के आहे, म्हणजे तो दमलेलाही नाही.

बफर १०२४ केल्याने का फरक पडला नाही तेही यातच आलं. १०२४ चा घास म्हणजे २१.३ मिलिसेकंद. त्यामुळे पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत उशीर सारखाच थोडा वाढला. हा कायमचा, ठरलेला उशीर. तुम्हाला छळणारा उशीर वाढत जाणारा आहे. नाव एकच असलं, लेटन्सी, तरी ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. बफर परत २५६ वर आणून ठेवा.

वाढत जाणारा उशीर दिसला की मी पहिला प्रश्न विचारते: इथे घड्याळं किती आहेत?

आवाजाच्या प्रत्येक डिजिटल यंत्रात क्वार्ट्‌झचा एक स्फटिक असतो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल म्हणजे नेमका किती वेगाने मोजायचे, ते तो ठरवतो. तुमच्या मिक्सरमध्ये एक आहे, इंटरफेसमध्ये दुसरा. दोघांवर ४८,००० च लिहिलं आहे, पण दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. लाखात चार-पाच भागांचा फरक अगदी चांगल्या, नव्या यंत्रांतही सापडतो. घरात दोन भिंतीवरची घड्याळं एकाच मिनिटाला लावा आणि महिन्याने बघा.

समजा तुमचा मिक्सर प्रत्यक्षात सेकंदाला ४८,००२ सॅम्पल पाठवतो आणि इंटरफेस ४८,००० च वाजवतो. दर सेकंदाला दोन सॅम्पल शिल्लक राहतात. ते जाणार कुठे? मधल्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात, रांगेत मागे. तासाला ७,२०० सॅम्पल साचले, म्हणजे १५० मिलिसेकंद. सव्वा तासाने, तुमच्या मध्यंतराच्या सुमाराला, ९,००० सॅम्पल, म्हणजे जवळजवळ १८८ मिलिसेकंद. सेकंदाला दोन सॅम्पल ही चूक घड्याळाच्या भाषेत दिवसाला साडेतीन सेकंदांची आहे. असं घड्याळ आपण भिंतीवरून काढतही नाही.

पण तबल्यावर बसलेल्या माणसाला १८८ मिलिसेकंद म्हणजे काय? मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्या हिशेबाने तिचा शब्द समेवर येण्याऐवजी मात्रेचा एक तृतीयांश भाग उलटून गेल्यावर येतो आणि वर थोडं. दुसऱ्या तऱ्हेने सांगते. हवेत आवाज मिलिसेकंदाला सुमारे एक फूट जातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे माणूस साडेतीन मीटरवर बसलाय, तेवढ्यावर आपण रोज वाजवतो आणि जाणवतही नाही. १८८ मिलिसेकंद म्हणजे साठ मीटरच्या वर. तिचा गळा मंचावर आहे, आणि ऐकू येते ती नाट्यगृहाच्या बाहेर, गेटापाशी उभी राहून गातेय अशी.

कीबोर्ड मात्र मागे पडत नाही, कारण तो त्याच इंटरफेसच्या एका घड्याळावर चालतो. पेटीचंही तसंच. दोन यंत्रांमधून प्रवास करणारा आवाज फक्त तिचा आहे, म्हणून मागे पडताना फक्त तीच दिसते.

आणि तुमचा तो 'फट्'. मला तर तो या पत्रातला सगळ्यात बोलका आवाज वाटला. साठा भरून वाहायला लागला की अशी सॉफ्टवेअरं साचलेलं सगळं एकदम फेकून देतात आणि रिकाम्या साठ्याने नव्याने सुरुवात करतात. फेकताना आवाज तुटतो तो 'फट्'. त्यानंतर उशीर जवळजवळ शून्यावर येतो आणि "ती परत लयीत" येते. गाणाऱ्या माणसाची लय सुटली तर ती फट् आवाज करून जागेवर येत नाही हो.

एक शंका तुमच्या मनात येईल, म्हणून लिहिते. एका यंत्रावर ४४,१०० आणि दुसऱ्यावर ४८,००० असं तर नसेल? नसावं. तसं झालं असतं आणि मध्ये रूपांतर होत नसतं, तर सूरच पेटीवर जवळजवळ दीड पट्टी सरकला असता. ते पहिल्या आलापातच तुमच्या कानाला कळलं असतं. तरी दोन्हीकडची सेटिंग उघडून एकदा डोळ्यांनी बघा.

हे सगळं मी पत्रावरून सांगतेय. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मोजा. मोजायला काहीच विकत घ्यावं लागत नाही.

पुढच्या तालमीला सगळी जोडणी कार्यक्रमासारखीच करा. तेच सॉफ्टवेअर, तेच आवाज, तोच मिक्सर, यूएसबी वायर तशीच. स्पीकर बंद. इंटरफेसला हेडफोन लावा, आवाज मोठा ठेवा आणि हेडफोनची एक वाटी टेबलावर उताणी ठेवा. गायिकेचा माइक तिच्या शेजारी आडवा. दोघांच्या मध्ये मोबाइल, त्यावर साधं रेकॉर्डिंग चालू. आता पेनाच्या टोपणाने माइकच्या जाळीवर एकदा ठक् करा. मोबाइलला दोन ठक् ऐकू येतात: एक प्रत्यक्ष जाळीवरचा, दुसरा सगळा प्रवास करून हेडफोनमधून आलेला. मोबाइलचा स्वतःचा उशीर इथे आड येत नाही, कारण दोन्ही ठक् एकाच रेकॉर्डिंगमध्ये आहेत. ती फाइल ऑडॅसिटीत उघडा, हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लाटा मोठ्या करून बघितल्या की दोन सुळके दिसतील, त्यांच्यातलं अंतर वाचा आणि कागदावर लिहा. पण हे वाचन नंतर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा. मोजणी चालू असताना या लॅपटॉपला हात लावायचा नाही आणि मध्येच काही बंद-चालू करायचं नाही, नाहीतर साठा रिकामा होईल आणि मोजणी वाया जाईल. दर दहा मिनिटांनी एक ठक्, सव्वा तास. तोवर तुमची तालीम चालू राहू दे, कीबोर्ड वाजत राहू दे.

कागदावरचे आकडे एकाखाली एक बघा. दर दहा मिनिटांनी साधारण सारखीच भर पडत असेल, १५, ४०, ६५, ९० अशी, तर तो उतार आहे आणि दुखणं घड्याळांचं आहे. आकडा बराच वेळ जागेवर राहून अचानक उडी मारत असेल, पुन्हा स्थिर आणि पुन्हा उडी, तर ती पायरी आहे. मग लॅपटॉपवर संशय घ्यायला जागा आहे. काही सॉफ्टवेअरांत लॅपटॉप क्षणभर अडखळला की तेवढ्या वेळात साचलेलं रांगेतच राहून जातं, आणि दर अडखळण्याला उशीराची एक वीट वर चढते. तेव्हा तुमचा पहिला संशय मी उडवून लावत नाही, तो तपासायचा रस्ता दाखवतेय. माझा अंदाज उताराचा आहे.

उतार निघाला तर उपाय सांगते, आणि तो ऐकून तुम्हाला राग येईल इतका सोपा आहे. मिक्सर काढू नका, त्याची यूएसबी वायर काढा. मिक्सरच्या मागे मेन आउटची जॅकची भोकं असतात. त्यातल्या डाव्या आउटमधून एक जॅक केबल इंटरफेसच्या त्या रिकाम्या दुसऱ्या इनपुटात लावा. ते इनपुट 'लाइन'वर करा, गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, शून्यावरून हळूहळू वर आणा, मिक्सरवरचे पॅन, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या बाजूला नेणारी बटणं, डावीकडे फिरवायला विसरू नका. लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये गायिकेच्या ट्रॅकला इनपुट दोन द्या, इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर निवडा आणि मित्राने टाकलेलं जोडणारं सॉफ्टवेअर काढून टाका. झालं. आता सगळा कारभार एका घड्याळावर. तिचा रिव्हर्ब तसाच राहील, रेकॉर्डिंगही होईल, आणि पुन्हा सव्वा तास मोजलंत तर पहिला आणि शेवटचा आकडा सारखा येईल.

मिक्सरची खरंच गरज आहे का, हेही त्या दिवशी बघून घ्या. इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटात माइक थेट लागत असेल तर मधलं एक यंत्र, एक अ‍ॅडॅप्टर आणि लोकलमधून न्यायची एक पिशवी कमी होते.

जॅक केबल लावल्यावर मुंबईत एक नवीन पाहुणा येण्याची शक्यता असते, तो म्हणजे 'घूंऽऽ', ज्याला हम म्हणतात. पन्नास हर्ट्‌झची वीज आणि तिचे वरचे सूर. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तो केबलमधून फिरतो. यूएसबीने जोडलेलं असतानाही तो येऊ शकतो, पण केबल बदलल्यावर लोक नेमके घाबरतात आणि जुन्या जोडणीवर परत जातात. घाबरू नका. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. केबल तीन कड्यांची, म्हणजे बॅलन्स्ड घ्या, तुमच्या मिक्सरला तसं आउट असेल तर. तरीही राहिला तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा छोटा डबा लावतात, हॉलच्या साउंडवाल्यांकडे डीआय बॉक्स असतो, त्यानेही काम होतं.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. हम घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढायची नाही, तिच्यावर चिकटपट्टी लावायची नाही. गणपतीच्या मांडवात हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. वर ताडपत्रीतून पाणी ठिबकतंय, खाली जनरेटरची वायर चिखलातून गेलेली, आणि गाणाऱ्या माणसाच्या ओठाला धातूची जाळी लागलेली. ती पिन हम करण्यासाठी नसते, तुमच्या गायिकेचा जीव वाचवण्यासाठी असते. मांडवात पोचल्यावर कुणी "पिन काढ, आवाज जाईल" म्हणालं तर सरळ नाही म्हणा, कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल.

हे सगळं करायच्या आधीच एखादा कार्यक्रम येऊन ठेपला असेल, तर तात्पुरता तोडगा आहे. मध्यंतरात, चहा येईपर्यंत, सॉफ्टवेअरमधलं ऑडिओ इंजिन बंद करून पुन्हा चालू करा. साठा रिकामा होईल. लॅपटॉप पूर्ण बंद करायची गरज नाही. आणि गायिकेचा माइक थेट हॉलच्या मिक्सरला देता आला तर त्याहून उत्तम. रिव्हर्ब हॉलवाले देतात.

तुमच्यासारखीच पत्रं आणखी काही जणांची आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं. मॅकवर दोन यंत्रं जोडायचीच असतील तर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस बनवताना एकाला घड्याळ नेमावं लागतं आणि दुसऱ्यापुढे 'ड्रिफ्ट करेक्शन'ची खूण करावी लागते. ती खूण राहिली की हाच प्रकार. विंडोजवर मायक्रोफोनच्या सेटिंगमधलं 'लिसन टु धिस डिव्हाइस' वापरून कुणी गात असेल तर ते लगेच थांबवा, तिथे उशीर असतोही आणि साचतोही. मोठ्या यंत्रांना वर्ड क्लॉक, एस/पीडिफ किंवा अडाट अशी डिजिटल जोडणी असते, त्यात एक यंत्र घड्याळ देतं आणि दुसरं ते पाळतं. दोघांनाही मालक केलं तर टकटक ऐकू येते. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून गाणाऱ्यांनी इतर काहीही शोधत बसू नये. तो उशीर वाढत नाही, पण पहिल्या क्षणापासून इतका असतो की त्यावर लय धरताच येत नाही. वायरचा हेडफोन घ्या.

मोजणीत पायऱ्या निघाल्या तर लॅपटॉपची डागडुजी अशी: चार्जर लावूनच वाजवा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबीला मध्येच झोपवणारं सेटिंग बंद, वायफाय बंद, अपडेट थांबवलेले, इंटरफेस हबमधून न लावता थेट. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर तालमीत अर्धा तास चालवलं तर कुठला ड्रायव्हर अडवतोय ते नावानिशी सांगतं. पंख्याची जाळी साफ करून घ्या. मुंबईच्या दमट हवेत धूळ तिथे चिकटून नमदा होतो, लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि मे महिन्यातल्या मांडवात हे पाऊण तासात घडतं. एवढं करूनही पायऱ्या राहिल्या तरच नव्या लॅपटॉपचा विचार.

आता ज्यासाठी मला हे उत्तर लांबवावंसं वाटलं ते.

तुमच्या पत्रात तुम्ही लॅपटॉप बदलण्याआधी बफर बदलून बघितलात, लोड बघितलात, बंद-चालू करून बघितलंत. तिच्या बाबतीत मात्र काही तपासायच्या आधीच सगळ्यांचं एकमत झालं. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. आपल्याकडे गाण्यात काही चुकलं की लय आणि सूर हे माणसाचेच गुण मानले जातात, आणि वायरींमधून गेल्यावर ते बदलू शकतात हे ध्यानात येत नाही. मी नाट्यगृहांत वीस वर्षं साउंडच्या मागे बसले आहे. एका नृत्याच्या कार्यक्रमात पडद्यावरचं चित्र एका यंत्रावर होतं आणि संगीत दुसऱ्यावर, दोन्ही एकदम सुरू केलेली. तासाभराने नर्तकीची पावलं पडद्यावरच्या पावलांशी जुळेनात. मी विंगेत जाऊन तिला म्हणाले, "घाई करतेस." ती काही बोलली नाही. दोन्ही यंत्रांचं घड्याळ वेगळं होतं हे मला पुढच्या वर्षी कळलं, आणि तोवर तिने त्या मंडळींबरोबर नाचणं सोडलं होतं. म्हणून मी तुम्हाला घाई करायला सांगतेय.

तुमच्या गायिकेवर काय गुदरलं असेल ते नीट समजून घ्या. तिचा आवाज उशिरा बाहेर पडत होता, इतकंच नाही. मॉनिटरमधून तिचा तिलाही तो उशिरा ऐकू येत होता. माणसाला स्वतःचा आवाज साधारण दोनशे मिलिसेकंद उशिरा ऐकवला की जीभ अडखळते, शब्द लांबतात, बोलण्याचा वेग मंदावतो. १९५० पासून हे प्रयोगांनी माहीत आहे आणि कमी-जास्त प्रमाणात बहुतेकांना होतं. तुमच्या मध्यंतराच्या सुमाराला उशीर नेमका त्या आकड्याच्या आसपास जात असणार. म्हणजे शेवटी शेवटी ती खरोखरच मागे खेचली जात असेल. काकांचा कान खोटं बोलत नव्हता. कारण मात्र तिच्या गळ्यात नव्हतं. आणि तिने इतके महिने त्या उशिराशी झगडत अख्खे कार्यक्रम निभावले, याचा अर्थ तिची लय चांगलीच पक्की आहे.

तिला मेसेजवर "प्रॉब्लेम सापडला, ये" असं लिहू नका. फोन करा, किंवा घरी जा. आधी माफी मागा, मग सॅम्पल आणि घड्याळं. उलट क्रमाने केलंत तर तिला वाटेल की यंत्र निर्दोष नव्हतं म्हणून तुम्ही आलात. काका तिला जिथे बोलले, म्हणजे सगळ्यांसमोर, तिथेच ते दुरुस्त व्हायला हवं. पण काकांना कोंडीत पकडू नका. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत "तुमचं चुकलं" ऐकवणं म्हणजे आणखी एक माणूस तालमीतून घालवणं. त्यांच्याकडे आधी एकट्याने जा आणि खरं आहे तेच सांगा: "काका, तुम्ही बरोबर ऐकलंत, आवाज मागेच होता. का होता ते सापडलंय, तुमच्यासमोर मोजायचंय." तबलजीला मात्रेचा हिशेब समजावावा लागत नाही. एक तृतीयांश मात्रा म्हटलं की ते पुढचं स्वतःच बोलतील. नाही बोलले, तर तिच्याशी बोलण्याची जबाबदारी तुमची. मिक्सर तुम्ही आणलात, जोडणी तुमची आहे.

ती लगेच हो म्हणाली नाही तर एकदा-दोनदा विचारून थांबा. दोन रविवार न येण्यामागे कदाचित लयीच्या बोलण्यापेक्षा जास्त काही असेल, तेही ऐकून घ्या.

आणि मोजायच्या दिवशी टोपण तिच्या हातात द्या. पहिला ठक् तिने करायचा, मिनिटं काकांनी कागदावर लिहायची, सव्वा तासानंतरचा ठक् पुन्हा तिनेच करायचा. त्या वेळी हेडफोन आळीपाळीने दोघांच्या कानाला लावा. टोपण जाळीवर आपटताना डोळ्यांनी दिसतं आणि आवाज त्यानंतर येतो, हे त्यांनी स्वतः ऐकू दे. मग यूएसबी वायर काढा, जॅक लावा आणि कालपर्यंत मध्यंतरानंतर जो अभंग बिघडत होता तोच पुन्हा घ्या.

केबलसाठी लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, काही शे रुपयांत काम होईल. दुकानातच दोन्ही टोकं हलवून, वाकवून बघा. दोन घ्या. एक लावा आणि एक कीबोर्डच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कायमची राहू द्या, मांडवात पहिली तुटते ती केबलच.